टॅब वॉर्डात जाणार नाही, हे धरून हिशोब कर

ताई,
मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. मॅडम सगळं पीडीएफमध्ये पाठवतात आणि ते फोनवर वाचून डोळे दुखतात. माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे. चालतो, पण जड आहे आणि खोलीत तिघींत मिळून एकच टेबल आहे. मावशी टॅब घेऊन द्यायला तयार आहे. भाऊ म्हणतो टॅब म्हणजे नुसता मोठा फोन, पैसे घालवायचेच तर नवा लॅपटॉप घे. सीनियर म्हणतात दुसऱ्या वर्षी पोस्टिंग वाढलं की टॅबशिवाय जमत नाही, वॉर्डात उभ्या उभ्या केस लिहून होते. मला भीती वाटते की घेईन आणि त्यावर सिरियल बघत बसेन. घेऊ का?
– पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

प्रिय मुली,

घे. पण लॅपटॉप मोडीत काढू नकोस, आणि पेन घेणार नसशील तर टॅबही घेऊ नकोस. सीनियरचं वॉर्डात केस लिहिण्याचं जे म्हणणं आहे, ते तर डोक्यातून काढूनच टाक. तिथूनच सुरुवात करते, कारण टॅबच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत तिथे होते.

नर्सिंगचा अभ्यासक्रम इतर पदव्यांसारखा नाही. इंजिनियरिंगचा मुलगा दिवसभर वर्गात बाकावर बसतो आणि त्याचा टॅब त्याच्यासमोर उघडा असतो. तुझा निम्मा वेळ पायावर जाणार आहे. ड्युटीवर तुझे दोन्ही हात कामात असतात, कधी बेडमेकिंग, कधी स्पंजिंग, कधी ड्रेसिंगचा ट्रे धरायचा, कधी इनटेक-आउटपुट (पेशंटच्या शरीरात किती द्रव गेला, किती बाहेर आला) मोजायचं. त्या वेळी अर्धा किलोची काच ठेवणार कुठे? खिशात मावत नाही. पेशंटच्या लॉकरवर ठेवलीस तर ती पेशंटच्या जागेचा भाग झाली. हात धुण्याचे पाच क्षण तुला शिकवले असतील. जागतिक आरोग्य संघटनेने ते ठरवले आहेत आणि त्यातला पाचवा आहे पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतरचा. तू बेडच्या कठड्याला हात लावलास, मग टॅबला लावलास, नंतर हात स्वच्छ धुतलेस आणि तोच टॅब पुन्हा उचललास, तर धुण्याचा उपयोग काय झाला? आणि रात्री तो टॅब तुझ्या उशाशी असणार.

दुसरं कारण याहून मोठं आहे. केस लिहायची म्हणजे समोरच्या माणसाची माहिती लिहायची. सीनियर 'केस लिहून होते' म्हणतात त्यात बऱ्याचदा केसपेपरचा फोटो काढणं आलं, कारण फोटो काढून खोलीवर उतरवून घेणं सोपं. हे करायचं नाही. फोटो काढला की तो बहुतेक उपकरणांवर आपोआप क्लाउडवर चढतो. तू टॅबवरून पुसलास तरी दुसऱ्या कुठल्या तरी फोल्डरात, दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणावर तो राहू शकतो. पेशंटने तुला रक्तदाब मोजायची परवानगी दिलेली असते, आपला कागद घरी न्यायची नाही. नाव, नोंदणी क्रमांक, बेड क्रमांक, चेहरा, यातलं काहीही तुझ्या स्वतःच्या उपकरणात जाता कामा नये. केस स्टडीला लागतं ते वय, तक्रारी, तपासण्यांचे आकडे, औषधं आणि तुझी निरीक्षणं. एवढं छोट्या वहीत नावाशिवाय लिहून आणता येतं. वहीवर नाव लिहिलं गेलंच असेल तर वॉर्ड सोडण्याआधी ते पान तिथेच फाडून नष्ट कर.

काही रुग्णालयांत सगळ्या नोंदी संगणकावरच होतात, चाकांच्या ट्रॉलीवरचा संगणक बेडपर्यंत येतो, औषध देण्याआधी पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करतात. ते पाहून 'मलाही टॅबची सवय हवी' असं वाटणं साहजिक आहे. पण तो संगणक रुग्णालयाचा, त्यातली प्रणाली त्यांची आणि ती वापरायला तेच शिकवतात. स्वतःचा टॅब नसल्यामुळे कोणी त्यात मागे पडत नाही. वॉर्डात तुझ्या अंगावर छोटी वही, पेन आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ एवढं असलं की झालं. घड्याळाचं मुद्दाम सांगते, कारण श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे असतात आणि टॅबकडे बघत ते मोजताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

तर टॅब लॉकरमध्ये किंवा खोलीवर राहणार. म्हणजे त्याची खरी किंमत ठरते ती ड्युटी संपल्यावरच्या दोन-तीन तासांत, जेव्हा पाय दुखत असतात, टेबल दुसऱ्या मुलीकडे असतं आणि उद्याचा व्हायव्हा डोक्यावर असतो. या तासांसाठी टॅब बराच चांगला आहे.

तुझ्या डोळ्यांचं आधी बघू. ए४ कागदाचा कर्ण सुमारे १४ इंच असतो. ११ इंचाच्या आसपासच्या टॅबवर ते पान जवळपास पाऊणपट आकारात पूर्ण दिसतं, म्हणजे वाचता येतं. फोनवर तेच पान बोटाने ताणून, डावीउजवीकडे सरकवत वाचावं लागतं, आणि एखादा तक्ता आला की कुठल्या ओळीचा कुठला रकाना हेच कळेनासं होतं. नर्सिंगच्या नोट्समध्ये तक्ते किती असतात ते तुला माहीत आहे. आठ इंचाचा छोटा टॅब स्वस्त आणि हलका म्हणून घेऊ नकोस, तो खरोखरच तुझा भाऊ म्हणतो तसा मोठा फोन आहे. स्क्रीनचे दोन भाग करून एका बाजूला पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला वही उघडता येते असं जाहिरातीत दाखवतात. येते, पण ११ इंचाचे दोन भाग केले की पुन्हा फोनइतकीच जागा उरते. त्यावर फार भिस्त ठेवू नकोस.

मॅडम पाठवतात त्या पीडीएफ उघडून त्यात एखादा शब्द शोधून बघ. सापडला तर ती खरी मजकुराची फाइल आहे. सापडला नाही तर तो पानांचा नुसता फोटो आहे, फोनने स्कॅन केलेला. अशा फाइलवर अक्षर-ओळख चालवून घ्यावी लागते, मगच तिच्यात शोधता येतं. दोन हजार पानांच्या मेडिकल-सर्जिकलच्या पुस्तकात 'हायपोकॅलेमिया' (रक्तात पोटॅशियम कमी होणं) पाच सेकंदांत सापडणं हा टॅबचा मोठा फायदा. पण फाइलच मुकी असेल तर तो फायदा शून्य.

फाइलींवरून आणखी एक. विद्यार्थ्यांत फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ बहुधा चोरीच्या असतात हे तर झालंच, पण मला त्याहून जास्त चिंता आहे ती त्यांच्या वयाची. कोणत्या सालची आवृत्ती हे कोणी पाहत नाही. हृदय बंद पडल्यावर करायच्या जीवनरक्षणाचंच (सीपीआर) उदाहरण घे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१०मध्ये क्रम बदलला. त्याआधी श्वासमार्ग, श्वास आणि मग छाती दाबणं असं शिकवत. २०१०पासून मोठ्या माणसांत आधी छाती दाबायला सुरुवात करतात. २०१५मध्ये दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० असा ठरवला, आधी नुसतं 'किमान १००' होतं. जुनी फाइल वाचून पाठ केलेली मुलगी परीक्षेत चुकेल, आणि परीक्षेत चुकली तर निदान कोणाचा जीव तरी जात नाही. औषधांच्या मात्रांचंही तसंच. टॅब हातात आला की पहिल्याच दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि कोणती ई-पुस्तकं विद्यार्थ्यांना वाचायला मिळतात ते विचार. बऱ्याच जणींना ती सोय आहे हेच माहीत नसतं. अभ्यासक्रम संपल्यावर ती पुस्तकं बंद होतात का, हेही विचारून ठेव.

आता पेन. पेन नसलेला टॅब म्हणजे वाचायचं आणि बघायचं यंत्र. तुझी सिरियलची भीती तिथे खरी ठरते, कारण हाताला काम नसलं की बोट दुसरीकडे जातंच. पेन असलं की तो वही होतो. रबरी टोकाचं साधं पेन मात्र नको. ते बोटासारखंच चालतं आणि लिहिताना तळहात टेकला की पानावर रेघा उमटतात. टॅबशी जोडलं जाणारं, तळहाताकडे दुर्लक्ष करणारं पेन हवं, आणि असं पेन सगळ्याच टॅबना चालत नाही. आधी पेन चालतं का ते बघ, मग टॅब ठरव. मावशीला आकडा सांगतानाही पेन आणि कव्हर धरूनच सांग. नाहीतर टॅब येईल आणि पेन 'नंतर बघू'मध्ये राहील.

पेन मिळालं की काय करायचं? बहुतेक मुली नोट्स रंगवतात. पाच रंगांचे हायलाइटर, शीर्षकाला सावली, कडेला फुलं. दिसायला सुरेख, पण त्या दोन तासांत डोक्यात काय गेलं याचा शोध घेतला तर हाती फारसं लागत नाही. त्याऐवजी कोरं पान उघड आणि पुस्तक बंद करून हृदयातून रक्त कसं फिरतं ते काढ. चार कप्पे, चार झडपा, कुठे शुद्ध, कुठे अशुद्ध. अडशील. अडलीस तिथे पुस्तक उघड, बघ, सगळं पुसून परत काढ. मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनचं असंच, मेंदूच्या बारा नसांचं असंच. वहीत हे करायला कागद फार जातो म्हणून मुली एकदाच सुबक आकृती काढतात आणि नंतर तिच्याकडे बघत बसतात. टॅबवर पान संपत नाही, पुसायला वेळ लागत नाही, म्हणून दहा वेळा काढायला जीव कचरत नाही. माझ्या मते टॅब घेण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

हे केवळ माझं मत नाही. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, म्हणून टॅब नको, असंही कोणीतरी तुला सांगेल. त्याचा उगम बहुधा २०१४चा म्यूलर आणि ओपनहायमर यांचा अभ्यास. लॅपटॉपवर टिपणं घेणारे बोललेलं जसंच्या तसं उतरवतात आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडतात, असं त्यांना आढळलं. पुढे २०२१मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग परत केला. शब्दशः उतरवण्याचं खरं निघालं, पण गुणांतला फरक काही दिसला नाही. शिवाय ती तुलना कळफलक आणि हात यांच्यातली होती. टॅबवर पेनने लिहितेस तेव्हा तू हातानेच लिहितेस. त्यामुळे या कारणावरून झोप उडवू नकोस.

कागदावर वाचलेलं मात्र खरोखर थोडं जास्त समजतं. २०१८मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत माहितीपर मजकुरासाठी कागद सरस ठरला, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढला. म्हणून सगळंच टॅबवर नेऊ नकोस. ज्या पुस्तकावर वर्षभर काढायचं आहे, ते पहिल्या वर्षी शरीररचनेचं आणि नर्सिंगच्या मूलतत्त्वांचं, छापील ठेव, जुनं मिळालं तर जुनं, फक्त आवृत्ती बघून घे. टॅबवर जाऊ देत त्या नोट्स, प्रश्नसंच, संदर्भाला लागणारे जाडजूड ग्रंथ.

काही गोष्टींसाठी टॅब लागतो असं सांगितलं जातं, पण त्या फोनवर तितक्याच चांगल्या होतात. श्वासाचे आवाज घे. स्ट्रायडर आणि व्हीझमधला फरक पुस्तकात कितीही वाचला तरी कळत नाही, तो ऐकावा लागतो. स्ट्रायडर श्वास घेताना, वरच्या श्वासमार्गातून. व्हीझ बहुतेक वेळा सोडताना, छातीतून. ऐकण्यासाठी टॅब नाही, बरे इयरफोन लागतात. प्रश्नोत्तरांची कार्डंही फोनवरच जास्त होतात, कारण फोन रांगेत आणि बसमध्ये हातात असतो. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी, म्हटलं की डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, एकूण किमान ३, कमाल १५. अशी कार्डं रोज मूठभर फिरवलीस तर वेगळं पाठांतर करावं लागत नाही.

औषधांची गणितं कागदावरच कर, निदान पेनने तरी. १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आहे, सलाईनची नळी, म्हणजे सेट, २० थेंबांना १ मिलीचा. १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेट असेल, ६० थेंबांचा, तर तेच १२५ होतात. हे करून देणारी ॲप आहेत, पण सेटचा आकडा त्यात तूच भरणार. समोरच्या सेटसाठी ४२ आणि १२५ यांतलं कोणतं उत्तर अशक्य आहे हे हाताने शेकडो गणितं सोडवलेल्या मुलीला नुसतं बघून कळतं. वॉर्डात तेच कामाला येतं.

तुझ्या भावाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. लॅपटॉप नसता तर मी त्याच्या बाजूने बोलले असते. मोठी असाइनमेंट टाइप करणं, केअर प्लॅनचे रकाने नीट बसवणं, शेवटच्या वर्षीचा प्रकल्प, त्यातली आकडेमोड, ही कामं टॅबवर होतात पण त्रास देतात. देखरेखीखाली घेतल्या जाणाऱ्या ऑनलाइन परीक्षांचं सॉफ्टवेअर कित्येकदा टॅबवर चालतच नाही. तुमच्याकडे अशा परीक्षा होतात का ते विचारून घे. पण तुझ्याकडे चालणारा लॅपटॉप आहे. तो जड असेना, खोलीवर राहील. महिन्यातून चार-सहा वेळा टेबलाची पाळी आली की त्यावर टाइपिंग उरकायचं आणि रोजचं वाचन-लेखन टॅबवर. नवा साधा लॅपटॉप घेतलास तर दोन लॅपटॉप होतील आणि पीडीएफवर पेनने लिहिता येणार नाही ते नाहीच. ज्या दिवशी जुना लॅपटॉप खरोखर बंद पडेल, त्या दिवशी भावाशी पुन्हा बोल.

टेबल नसल्याचं तू ओझरतं लिहिलंस. त्यावर सांगते. पलंगावर मांडीत टॅब घेऊन मान खाली घालून तीन तास बसशील, तर मान आणि पाठ पहिल्याच वर्षी बोलायला लागतील. पेशंट उचलताना पाठ कशी सांभाळायची हे तुला वर्गात शिकवतात, मग अभ्यासालाही तेच लाव. उभं राहणारं कव्हर घे, पलंगावर ठेवायची छोटी घडीची चौकट मिळाली तर तीही घे. वाचताना टॅब उभा, लिहिताना किंचित तिरका.

सिरियलचं काय करायचं? गप्पांची आणि व्हिडिओची ॲप टॅबवर टाकूच नकोस. सूचना बंद ठेव. सिरियल फोनवर बघ ना, कोण नको म्हणतंय. ड्युटी करून आलेल्या माणसाला तासभर करमणूक लागतेच. फक्त दोन्हींची जागा वेगळी असू दे. आणि महिन्याभरात टॅबवर एकही आकृती स्वतः न बघता काढली गेली नाही असं लक्षात आलं, तर तो कोणाला तरी देऊन टाकायलाही लाजू नकोस.

खरेदीचं थोडक्यात. १२८ जीबी पुरतं, व्हिडिओ साठवणार नसशील तर. सिमकार्डचा टॅब नको, हॉस्टेलचं वायफाय नसलं तर फोनचं नेट जोडता येतं. नव्याकोऱ्या मॉडेलची गरज नाही, मागच्या वर्षीचंही अभ्यासाला तितकंच चांगलं. वापरलेला घ्यायचा असेल तर दोन गोष्टी बघ. सॉफ्टवेअरचे अपडेट अजून किती वर्षं मिळणार, आणि पूर्ण चार्ज केल्यावर बॅटरी दिवसभर टिकते का. आधीच्या मालकाचं खातं पूर्ण काढलेलं आहे ना, हे पैसे देण्याआधी समोर उघडून तपास, नाहीतर हातात कुलूपबंद पाटी येते.

स्वच्छतेसाठी टॅब बंद करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने हलक्या हाताने पूस, फटीत ओल जाऊ देऊ नकोस आणि ब्लीच लावू नकोस. तुझ्या टॅबच्या माहितीपत्रकात काय चालतं ते एकदा वाचून घे. कधी शिकवणीच्या खोलीत वापरायला टॅब रुग्णालयाच्या आवारात न्यावा लागलाच, तर खोलीवर आल्यावर आधी हात धू, मग तो पूस, मग पुन्हा हात धू. कव्हर कापडी घेऊ नकोस, पुसता येईल असं घे.

– ताई